कॉलेजची पोरं वस्तीत सर्व्हे करून जातात, त्या फॉर्मचं पुढे काय होतं?

मुठाकाठ

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या मुलांना 'सामुदायिक सहभाग प्रकल्प' करावा लागतो. दोन क्रेडिट, म्हणजे साठ तास. कल्पना चांगली आहे. पण पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांनी त्यावर एकच सोपा तोडगा काढलेला दिसतो. जवळची वस्ती गाठायची, छापील फॉर्म भरून घ्यायचे, बॅनर धरून फोटो काढायचा आणि अहवाल जमा करायचा.

भाचीच्या गटाबरोबर मीही एका रविवारी गेले होते. एका दारात आजी लसूण सोलत बसल्या होत्या. भाचीने नाव लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न शोधायला लागली, तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "आता घरात माणसं किती ते विचार. मग कमावती किती. मग रेशनकार्ड पिवळं का केशरी. मग संडास घरात का बाहेर." क्रम अगदी बरोबर होता. भाची हसली. आजी काही हसल्या नाहीत. "दर साली कोणी ना कोणी येतं. गेल्या सालचे कागद कुठं गेले तेवढं सांग."

ते कागद कॉलेजच्या कपाटात गेले, तिथून नॅकच्या (म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या परिषदेच्या) फायलीत, आणि दोन-चार वर्षांनी रद्दीत. रद्दी वेचणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या, हा योगायोग नाही.

आता खरा मुद्दा. विद्यापीठ आणि वस्ती यांचं नातं असंच असायला हवं असं नाही, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कर्वे रस्त्यावरच्या आवारात निरंतर व प्रौढ शिक्षण आणि विस्तार कार्य विभाग होता. १९९० च्या सुमारास तिथल्या पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. योजना साक्षरतेची होती. पण मुलांमागे फिरता फिरता त्या कचराकुंडीपाशी पोचल्या आणि तिथे मुलांच्या आया भेटल्या. आई दिवसभर कुंडीत हात घालून जेमतेम कमावते, म्हणून पोरही गोणी घेऊन निघतं. मग नुसती बाराखडी शिकवून काय उपयोग? विभागाने काही बायकांना विद्यापीठाची ओळखपत्रं दिली आणि आसपासच्या रहिवाशांना सुका कचरा वेगळा करून थेट या बायकांच्या हातात द्यायला सांगितलं. कुंडीतला ओला, चिकट माल आणि घरातून मिळालेला कोरडा माल यांच्या भावात आणि हाताळणीत किती फरक पडतो, हे कोणत्याही भंगारवाल्याला विचारा.

हे जमत होतं तेवढ्यात त्याच भागात एका उद्योजकाची गाडी घरोघरी कचरा गोळा करायला यायला लागली. बायकांचा माल गेला. इथे विभागाला 'हस्तक्षेपाचा अभ्यास' म्हणून निबंध छापता आला असता. त्याऐवजी बायका रस्त्यावर उतरल्या, बाई त्यांच्याबरोबर उतरल्या, आणि हमाल पंचायतीच्या बाबा आढावांकडे सगळे गेले. १९९३ मध्ये आठशेवर कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ही रीतसर कामगार संघटना आहे. सभासद वर्गणी भरतात आणि बहुसंख्य सभासद दलित समाजातल्या बायका आहेत.

पुढचा क्रम बघा. १९९५-९६ च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००१ मध्ये भंगार व्यवसायाचा सविस्तर अभ्यास झाला. त्यातला एक आकडा मला तोंडपाठ आहे: प्रत्येक कचरावेचक महिन्याला साधारण २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते. कारण तिने उचललेला माल महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही. संशोधनाचा निष्कर्ष तोच, पण तो कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. निबंधात राहिला असता तर तळटीप झाला असता. संघटनेच्या हातात आल्यावर तो महापालिकेपुढे मागणीचा आधार झाला आणि २००२-०३ मध्ये पालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला घेतला. पुढे घरोघर कचरा गोळा करायचा प्रयोग संघटना आणि एसएनडीटीच्या विभागाने मिळून केला. त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला.

या सगळ्यात विद्यापीठाने काय दिलं? पगारी माणसं दिली, बसायला जागा दिली, आणि मुख्य म्हणजे 'हे आमचं कामच आहे' असं म्हणून त्या माणसांना वर्षानुवर्षं तिथे राहू दिलं. निर्णय मात्र संघटनेकडे राहिले.

हे पुन्हा का घडत नाही? इथे प्राध्यापक आहेत, वस्तीत काम केलेले आहेत, गडचिरोली-चंद्रपूरकडचेही आहेत. लिहा.


दुपारचा_चहा

विषय चांगला काढलात. आमच्या वेळी राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर असायचं. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, संध्याकाळी पथनाट्य, रात्री सरपंचांचं भाषण. आम्ही मोठ्या उत्साहाने शोषखड्डे खणले. दोन वर्षांनी धाकटा भाऊ त्याच गावात शिबिराला गेला आणि त्याने तेच शोषखड्डे खणले. गावकऱ्यांनी त्यांच्यात केर भरून ठेवला होता, तो आधी उपसला म्हणे. पोहे मात्र दोन्ही वर्षी उत्तम होते.


तास_घेणारा

मी या प्रकल्पाचा समन्वयक आहे, म्हणजे धाग्यातला आरोपी मीच. तेव्हा जरा आतली बाजू.

माझ्याकडे दोन तुकड्या मिळून १३० मुलं. प्रत्येकाचे साठ तास भरायचे. प्रवासखर्चाची तरतूद नाही. वस्तीशी आधी ओळख करून घ्यायला मला वेळापत्रकात एक तासही नाही, कारण तो 'अध्यापनाचा भार' धरला जात नाही. नॅकला जिओटॅग केलेले फोटो लागतात आणि किती मुलं गेली, किती 'लाभार्थी' झाले याचा तक्ता लागतो. वस्तीतल्या लोकांना काय वाटलं याचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं म्हणजे, माझी पदोन्नती शोधनिबंधांवर. एखाद्या वस्तीत पाच वर्षं राबून तिथल्या बायकांची पतसंस्था उभी राहिली तर माझ्या अर्जात ती 'विस्तार कार्य' या सदरात दोन ओळींत जाते. तीच पाच वर्षं मी फॉर्म गोळा करून निबंध लिहिले तर मला त्याचे गुण मिळतात. मुठाकाठताई, तुम्ही सांगितलेल्या विभागातली माणसं थोर होतीच. पण त्यांना तिथे राहू देणारी व्यवस्थाही होती. विस्तार कार्य विभाग स्वतंत्र होते आणि त्यांच्याकडे पूर्ण वेळाची माणसं होती. आता बहुतेक ठिकाणी तो विभाग म्हणजे एक प्राध्यापक, एक कपाट आणि अतिरिक्त कार्यभाराचं पत्र.

हे सबब म्हणून सांगत नाही. पण 'प्राध्यापकांना आस्था नाही' एवढ्यावर चर्चा थांबली तर फायदा कुणालाच नाही.


पर्वतीपायथा

मी सहसा वाचनमात्र असते. पण या विषयावर गप्प बसवेना.

माझी आई कचरावेचक. संघटनेची जुनी सभासद. सर, तुम्ही 'लाभार्थी' लिहिलंत म्हणून सांगते, आमच्या घरी त्या ओळखपत्राला काय किंमत होती. त्याआधी पहाटे गोणी घेऊन निघालेल्या बाईला पोलीस सरळ हटकायचे. कुठे चोरी झाली की आधी भंगारवाल्याकडे आणि मग वेचणाऱ्यांकडे. कार्ड आल्यावर आई ते पदराच्या गाठीत नाही, ब्लाउजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. अंघोळीला जातानाही ते हाताशी असायचं. पावसात भिजून एकदा फोटो पुसला तर दोन दिवस कामावर गेली नाही.

आई शाळेत गेलेली नाही. पण वर्गवारी करताना बघा तिला. प्लास्टिक हातात घेऊन नुसतं चुरगाळलं की आवाजावरून सांगते कुठला माल, किती भाव. पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा, पुठ्ठा वेगळा. विद्यापीठातल्या बाईंनी ते आमच्याकडूनच शिकून घेतलं, हे आई आजही ऐटीत सांगते. "त्या आमच्या शाळंत बसल्या," असं तिचं म्हणणं.

त्यामुळे आता जे कोणी फॉर्म घेऊन येतं त्याला आई पहिला प्रश्न विचारते, "तुझ्या बाईंना माझं नाव माहीत आहे का?" बहुतेक वेळा नसतं. मग ती म्हणते, "आधी बाईंना पाठव."

आणि एक. सर्व्हे दुपारी बारा-एकला येतो. तेव्हा बायका माल आणून वर्गवारी करत असतात. चार वाजायच्या आत भंगाराच्या दुकानात माल घातला नाही तर त्या दिवसाचे पैसे दुसऱ्या दिवसावर. अर्धा तास फॉर्म भरायला बसणं म्हणजे तेवढा माल राहिला. हे अर्ध्या तासाचे पैसे कोण देतं? विद्यार्थ्याला क्रेडिट, सरांना गुण, कॉलेजला नॅक. आईला बिस्किटाचा पुडा.


रोखठोक

सगळं भावनिक होतंय. थोडा थंड विचार करा. संशोधन हे कौशल्याचं काम आहे. नमुना कसा निवडायचा, प्रश्न कसा विचारायचा, आकडे कसे वाचायचे याला शिक्षण लागतं. वस्तीतल्या माणसाला मान द्या, मोबदला द्या, माहिती परत द्या. इथपर्यंत मान्य. पण 'बरोबरीची भागीदारी' म्हणजे काय? माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना डॉक्टरने माझं मत घ्यावं, सुरी माझ्या हातात देऊ नये. ज्ञान विद्यापीठात तयार होतं, त्याचा उपयोग समाजाला व्हावा, एवढंच पुरे.


वैनगंगा

रोखठोक, 'ज्ञान विद्यापीठात तयार होतं' हे वाक्य चंद्रपूर जिल्ह्यात म्हणून दाखवा.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दलित समाजातले, जेमतेम दीड एकर जमीन, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, लावल्या, पुन्हा निवडल्या. असं वर्षानुवर्षं करत बारीक दाण्याचा, चवीला चांगला तांदूळ त्यांनी तयार केला. त्या काळी एचएमटीची घड्याळं नावाजलेली होती, म्हणून वाणाचं नाव पडलं एचएमटी. आज पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानात एचएमटी कोलम मिळतो तो या माणसाच्या निवडीचा.

१९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणं नेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं असं की आम्ही ते शुद्ध केलं. शुद्ध केलंही असेल, वाणाचं शुद्धीकरण हे खरं काम आहे, ते मी नाकारत नाही. पण मूळ निवड ज्याची त्याच्या वाट्याला काय आलं? नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सत्कार केला, मानसन्मान झाले. वाणाच्या विक्रीतला हिस्सा मात्र मिळाला नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले ते आर्थिक ओढाताणीतच.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यालाही पैदासकार मानलंय, लाभात वाट्याची तरतूद आहे. म्हणजे कायदा तरी तुमच्यापेक्षा पुढे आहे. बियाणं नेताना एक कागद लिहिला असता, की हे कुणाकडून घेतलं, यातून वाण निघाला तर नाव कुणाचं आणि हिस्सा किती, तर पुढचं सगळं टळलं असतं. सुरी कुणाच्या हातात हा प्रश्नच नाही. शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड कुणी नेलं हा प्रश्न आहे.


रोखठोक

शेवटचं वाक्य जमलंय. उदाहरण मान्य. पण खोब्रागडे हे अपवादात्मक प्रतिभेचे. सामान्य वस्तीचं काय?


वैनगंगा

सामान्य गावाचं उदाहरण देतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड गाव आहे, लेखाजवळचं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हातात आलं. तेव्हा केंद्रात पर्यावरण मंत्री असलेले जयराम रमेश स्वतः आले होते.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. तिथे अभ्यासगट चालतात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी बाहेरची माणसं त्यात बसायची, देवाजी तोफांसारखी गावातली माणसंही. कायदा काय म्हणतो, मध कसा काढला तर माशा मरत नाहीत, बांबू किती तोडला तर टिकतो, अशा विषयांवर तासन् तास चर्चा. बाहेरच्याने हवं तेवढं बोलावं, वाद घालावा, पुस्तकं आणावीत. मात्र निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही.

ही रचना मला फार हुशारीची वाटते. माहिती आणणं, तपासणं, वाद घालणं एका जागी. ठरवणं दुसऱ्या जागी. रोखठोक, तुमचं 'कौशल्य' पहिल्या जागी येतंच. ते कुणी नाकारत नाही. पण तुमच्या विद्यापीठांना दोन्ही जागा हव्या असतात.


फिनिक्सकर

मी अॅरिझोनात राहतो. इथे संशोधनाच्या नीतिनियमांचं प्रशिक्षण घेतलं की एक खटला हमखास येतो. तो अगदी इथल्याच घरचा आहे म्हणून सांगतो.

ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे, हवासुपाई आदिवासींचं. तिथे अजूनही टपाल खेचरावरून जातं. या लोकांत मधुमेहाचं प्रमाण प्रचंड. १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी दोनशेच्या आसपास लोकांचं रक्त घेतलं. लोकांनी आनंदाने दिलं, कारण आजार घरोघरी होता. २००३ मध्ये जमातीतली एक बाई विद्यापीठातल्या एका पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला श्रोत्यांत बसली होती. प्रबंध त्याच रक्तावर होता, पण विषय मधुमेह नव्हता. तिने उठून विचारलं, याची परवानगी घेतली होती का? मग एकेक निघत गेलं. स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधातली लग्नं, आणि पूर्वज आशियातून आले का याचा शोध. हा शेवटचा विषय त्यांच्या उत्पत्तीच्या श्रद्धेलाच छेद देणारा. जमातीने विद्यापीठाच्या लोकांना आपल्या हद्दीत बंदी केली आणि खटला भरला. २०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर, आणि रक्ताचे नमुने परत. नमुने आणायला गेलेली माणसं फ्रीझरसमोर रडली, मेलेल्या नातेवाइकांचं रक्त होतं ते.

मुद्दा हा की सही सगळ्यांनी केली होती. संमतिपत्र अगदी ऐसपैस शब्दांत होतं. विद्यापीठाच्या नैतिकता समितीने पाहिलेलं होतं. कागद होता, भागीदारी नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान आदिवासींनी तर २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-संहिता काढली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी, आणि या सगळ्याची ठरलेली पद्धत. आमच्यावर संशोधन करायचंय तर प्रस्ताव आधी आमच्या परिषदेकडे. विद्यापीठाची समिती नंतर.


अगस्त्यवाट

सगळे वाईटच दाखले येतायत, म्हणून चांगल्या हेतूने केलेला एक सांगते. चांगल्या हेतूनेही किती गुंता होतो ते कळेल.

केरळच्या अगस्त्यमलईत काणी आदिवासी राहतात. १९८७ मध्ये वनस्पती-सर्वेक्षणाला गेलेले शास्त्रज्ञ चढणीवर दमून गेले आणि वाटाडे काणी कसलीशी फळं चावत ताजेतवाने. बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी झाड दाखवलं, आरोग्यपच्चा. तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यान संस्थेने त्यावरून 'जीवनी' नावाचं औषध तयार केलं. १९९५ मध्ये ते कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दिलं. दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के. संस्थेने ठरवलं की यातला निम्मा वाटा काणींचा. जैवविविधता कायदा २००२ चा, म्हणजे तेव्हा असं करायला कुठलाही कायदा सांगत नव्हता. जगभर वाखाणलं गेलं.

पण काणींची विश्वस्त संस्था नोंदली गेली १९९७ मध्ये आणि पैसे तिच्या हातात पडले १९९९ मध्ये. सुरुवातीला विश्वस्त संस्थेत एकाच पंचायतीतले काणी जास्त, बाकीच्या भागातले म्हणाले आम्हाला कुणी विचारलं नाही. त्यांच्यातले वैदू म्हणाले, हे ज्ञान बाहेर सांगायचंच नव्हतं, दोन-तीन वाटाड्यांनी सांगितलं म्हणून सगळ्या जमातीची संमती झाली का? त्यावर वन खात्याने पानं तोडायला आडकाठी केली, मग औषधाला कच्चा मालच पुरेना.

वाटा द्यायचं संस्थेने ठरवलं, किती द्यायचा तेही संस्थेनेच. काणींची बैठक आधी झाली असती तर कदाचित ते म्हणाले असते पैसे राहू द्या, आधी पानं तोडायचा हक्क मिळवून द्या. किंवा म्हणाले असते, नकोच.


दुपारचा_चहा

'नकोच' म्हणायचा पर्याय आमच्या शिबिरातल्या गावाला असता तर शोषखड्डे वाचले असते. (आणि पोहेही.)


मुठाकाठ

अगस्त्यवाट, धन्यवाद, हा भाग मला माहीत नव्हता. माझ्या मूळ पोस्टमधलं एक टोक इथे पक्कं होतंय. १९९३ मध्ये पुण्यात आधी संघटना झाली आणि वाटाघाटी नंतर. काणींकडे आधी करार आला, संस्था नंतर. ज्यांची बैठकच नाही त्यांच्याशी भागीदारी कशी करणार? मग विद्यापीठ जो भेटेल त्याला 'समाज' म्हणतं. बहुतेक वेळा नगरसेवकाचा माणूस भेटतो.

'स्वच्छ'लाही सगळं गोडगोड नाही हे सांगायला हवं. महापालिकेशी करार संपत आला की दर वेळी टांगती तलवार, मोठ्या ठेकेदारांच्या गाड्या शर्यतीत असतातच. पण त्या वेळी बोलायला बायका स्वतः महापालिकेच्या दारात उभ्या असतात. विद्यापीठाला त्यांच्या वतीने निवेदन लिहावं लागत नाही.

तास_घेणारा सर, व्यवस्था बदलायची वाट बघत बसलो तर भाचीची भाची पदवीधर होईल. आहे त्या साठ तासांत, आहे त्या १३० मुलांत काय करता येईल?


तास_घेणारा

धागा दोनदा वाचला. लगेच करता येण्यासारखं असं दिसतंय:

१३० मुलांना १३० घरांत पाठवायचं बंद. दर वर्षी नवी वस्तीही बंद. एकच वस्ती, निदान चार-पाच वर्षं, आणि पहिल्या वर्षी फक्त मागचे अहवाल शोधून काढून त्यातली माहिती मराठीत दोन पानांत वस्तीला परत द्यायची. आमच्या कपाटात तीन वर्षांचे नक्की आहेत, कुलूप कुणाकडे आहे ते बघतो. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राचे एम.टेक.चे विद्यार्थी गावात राहून पाण्याच्या योजनेचा अभ्यास करतात आणि प्रश्न बऱ्याचदा गावाकडून किंवा तालुक्याच्या कार्यालयातून आलेला असतो. आपल्याला राहणं जमणार नाही, पण प्रश्न तिकडून मागवणं जमेल.

वाणिज्य शाखेची मुलं आहेत माझ्याकडे. त्यांना सर्व्हे करायला लावण्यापेक्षा बचत गटांची हिशेबाची वही, बँकेचे फॉर्म, वीजबिलाच्या तक्रारी यात बसवलं तर साठ तास कमीच पडतील.


पर्वतीपायथा

सर, वीजबिलाची कल्पना एकदम चालेल. आमच्याकडे दर महिन्याला दोन-तीन घरांचं तरी चुकीचं बिल येतं आणि कार्यालयात खेटे घालण्यात दिवस जातो. मुलांनी बरोबर यावं, नुसता अर्ज लिहून देऊन उपयोग नाही. खिडकीवरचा माणूस कॉलेजच्या पोराशी जरा बरा बोलतो.

पण सर्व्हे लागलाच तर? वेळ सकाळी साडेदहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. प्रश्न आधी बायकांना वाचून दाखवायचे, जो नको तो काढायचा. घरातल्या दारूचा प्रश्न नवऱ्यासमोर विचारतात, तो तर काढाच. आणि वेळेचे पैसे. ते मी सोडणार नाही.


तास_घेणारा

पहिले दोन कबूल. तिसरा अवघड. वस्तीतल्या लोकांना मानधन द्यायला आमच्याकडे लेखाशीर्षच नाही. अहवालाच्या रंगीत छपाईला आहे, प्रमुख पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाला आहे.


मुठाकाठ

मग प्रमुख पाहुण्या वस्तीतल्याच करा. पर्वतीपायथाच्या आईंना वर्गवारीवर व्याख्यान द्यायला बोलवा, अतिथी व्याख्यात्याचं मानधन असतंच की.


तास_घेणारा

असतं. पण त्याला पदव्युत्तर पदवी लागते. कार्यालय बिल परत पाठवेल. तरी 'कौशल्य तज्ज्ञ' म्हणून बसवता येतं का ते विचारतो, नव्या धोरणात उद्योगातल्या तज्ज्ञांना पदवीची अट न लावता घेण्याची सोय आहे. बघू अधीक्षक काय म्हणतात.


पर्वतीपायथा

आईला विचारलं. म्हणाली येईन, पण सोमवारी नाही. रविवारचा कचरा सोमवारी दुप्पट असतो.


रोखठोक

एक प्रामाणिक शंका, टोमणा नाही. प्रश्नावली वस्तीत वाचून दाखवली आणि बायका म्हणाल्या या वर्षी काहीच नको, तर तुमच्या १३० मुलांच्या क्रेडिटचं काय?


तास_घेणारा

मग मला दुसरं काम शोधावं लागेल, आणि तोपर्यंत प्राचार्यांना तोंड द्यावं लागेल. टेकडीवर झाडं लावायला पाठवीन. टेकडीला अजून तरी कुणी विचारत नाही.